सांताच्या पोत्यातली रेल्वे

दुकानातून खेळ विकत आणतो तो नुसता बाप. घरी खेळ बनवतो तो कलावंत! आणि मी कलावंत आहे, हे मी स्वतःच सांगतो, कारण आमच्या गावात दुसरं कुणी सांगणार न्हाई. टेंभुर्णीच्या आसपास असं गाव न्हाई जिथं माझ्या हातची पाटी न्हाई. 'सार्वजनिक वाचनालय', 'सुस्वागतम्', 'येथे थुंकू नये'. बॅनरवाल्यांनी माझा धंदा बुडवला म्हणून काय झालं? बॅनर वाऱ्यानं फाटतो. माझं 'थुंकू नये' अजून जागेवर आहे. लोक नेमकं त्याच्यावरच थुंकतात ही गोष्ट वेगळी!

माझी पोरगी ज्योत्स्ना टेंभुर्णीच्या इंग्रजी शाळेत चौथीला आहे. डिसेंबर लागला की ह्या शाळेच्या अंगात नाताळ येतो. फर्मान निघालं: प्रत्येक पालकानं आपल्या लेकराची भेट कागदात गुंडाळून गुपचूप शाळेत आणून द्यावी, सांताक्लॉज ती पोत्यातून काढून वाटील. म्हणजे खर्च माझा, घाम माझा आणि टाळ्या कापसाच्या दाढीला! बरं, सांता कोण? शाळेची व्हॅन चालवणारा आमच्याच गावचा पप्पू! वर्षभर पोरांवर कुत्र्यासारखा भुंकतो आणि एक दिवस लाल झगा घालून गालगुच्चे घेतो.

मी घरात ठणकावून सांगितलं, "आपल्या घरात असल्या बुवाबाबाला थारा न्हाई!"

ज्योत्स्ना म्हणाली, "पप्पा, बावीस प्रतिज्ञा मला पाठ हायेत. त्यात सांताचं नाव कुठंच न्हाई."

माझी बायको बेबीनंदा पदर तोंडाला लावून हसली. मी विषय बदलला. "काय पाहिजे तुला सांताकडून?"

"व्यापार! फासे टाकायचे आन शहरं विकत घ्यायची. वर्गात सगळ्यांकडं हाय, मीच दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळते. त्या पोरी मला नुसती बँक सांभाळायला बसवतात."

हे मात्र लागलं मनाला. गेलो दुकानात, डबा उघडला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, सिमला! अरे, जिच्या बापाला अंबडला जायचं तर जालन्यात एसटी बदलावी लागते, तिनं सिमला घेऊन करायचं काय? कांदे लावायचे? दुकानदाराला म्हणलं, ठेवा तुमचा डबा. माझी पोरगी परक्याचे डोंगर विकत घेणार न्हाई. तिच्यासाठी मी तिचंच गाव काढीन!

आठ दिवस खपलो. जाड पुठ्ठा, ऑइल पेंट, बारीक ब्रश. चारी बाजूंनी खेळाची चौकोनी घरं आणि एकेका घरात आमच्या गावचं एकेक शेत. आता आमच्याकडं लोक फार हळवे. नाव टाकलं की भांडण! म्हणून नाव एकाचंही टाकलं न्हाई. नुसते गट नंबर टाकले आणि खाली भाव. अक्कल बघा माझी!

भाव लावताना मी माती पाह्यली न्हाई, माणसं पाह्यली. बद्रीनाथ आबा मोटरसायकलवर एकटा जातो, हात केला तरी थांबत न्हाई. त्याच्या काळ्याभोर रानाला निम्मा भाव. त्याचा भाऊ रखमाजी भेटला की चहा पाजतो, त्याला दुप्पट. दुकानातल्या खेळात जेल असतो, विश्रामगृह असतं, रेल्वे असते. तेही टाकलं. रेल्वेचा तर मी सूडच घेतला. आमच्याकडं रेल्वे आजोबांच्या काळापासून 'येणार, येणार' म्हणून राह्यली. परतूरला पोचली, आमच्याकडं यायला तिला लाज वाटती. मंग पुठ्ठ्यावर आणली! रूळ काढले, स्टेशन काढलं आणि वर माझ्या ठेवणीतल्या, ग्रामपंचायतीच्या पाटीच्या अक्षरात लिहिलं: 'जमीन खरेदी व विक्री'.

चोवीस तारखेला सांताच्या पोत्यातून ती गुंडाळी निघाली. ज्योत्स्नाला दम कुठला! परत येताना व्हॅनमध्येच तिनं कागद सोडला आणि पुठ्ठा सीटवर पसरला. पप्पूनं आरशातून पाह्यलं आणि ब्रेक मारला. दाढी वर करून फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला: 'रेल्वे मंजूर! भाव फुटले! सांभाळा!'

मला ह्यातलं काहीच माहीत न्हाई. मी दारात ब्रश धूत बसलेलो. सगळ्यात आधी आला तो खुद्द सांताक्लॉज! लाल झगा, एका कानाला लोंबणारी दाढी, डोळ्यात अंगार.

"भारतभाऊ, आमच्याच गटावर जेल का?"

"कसला जेल?"

"सगळ्या गावात तुम्हाला जेलला आमचंच शेत सापडलं? कैद्यांना ऊस फुकट चारायचा का आम्ही?"

मी काही बोलायच्या आत फटफटीचा आवाज आला. बद्रीनाथ आबा आणि मागं रखमाजी! बांधावरून ह्या भावांचं बोलणं किती वर्षं बंद. एकाच्या घरी लग्न असलं की दुसरा मुद्दाम परगावी जातो. ते आज एका गाडीवर! माणसाला माणुसकीनं जोडता येत न्हाई, पण भावानं बराबर जोडता येतं.

"बांधाच्या इकडं मी, तिकडं ह्यो," बद्रीनाथ आबा गाडीवरूनच ओरडला. "माती एक, पाणी एक, बाप एक! मंग ह्याला दुप्पट आन मला निम्मा?"

"माझा बराबर हाय," रखमाजी म्हणाला. "त्याला हात लावू नका, साहेब."

साहेब! आज सकाळपर्यंत मी 'ए पेंटर' होतो.

"आबा, अहो हा खेळ आहे! पोरीचा खेळ! फासे टाकायचे आणि..."

"तेच म्हणून राह्यलो मी! आमच्या जमिनीवर फासे टाकता व्हय?"

"लिहिणारा माणूस हाय तो," सांता म्हणाला. "त्याला आतलं माहीत आसतंय. उगंच खेळ म्हणून झाकून राह्यला."

तेवढ्यात उषाबाई आली. तिच्या विहिरीवर मी विश्रामगृह टाकलेलं. म्हातारी सरळ मुद्द्यावर आली. "येऊ दे साहेब लोक. झोपू दे. पण चादरी कोण धुईन, ते आत्ताच सांग!"

अर्ध्या तासात सगळं गाव माझ्या दारात. आणि मी शपथेवर सांगतो, त्या गर्दीत एकानंही म्हणलं न्हाई की जमीन देणार न्हाई. रेल्वे कुणी मंजूर केली, कधी केली, हेही कुणी विचारलं न्हाई. सगळ्यांची तक्रार एकच: शेजाऱ्याला जास्त का! भाषणाला उभे राहिले की ह्याच काळ्या आईसाठी गळा काढतात. भाव दिसला की आईचं वजन करायला तराजू घेऊन पळतात!

गर्दीतून वाट काढत ज्योत्स्ना माझ्याजवळ आली. "पप्पा, पप्पूकाकांनी माझा खेळ घेतलाय. द्यायला सांगा ना. आबांची मीना खेळायला येऊन बसलीय. आज मी बँक न्हाई होणार."

"थांब बाळा, दोन मिनिटं."

त्या दोन मिनिटांतच घात झाला. पप्पू मोबाईलवर फोटो मोठा करून पाहत होता. "पण ह्यो सगळ्यात भारी भाव कुणाचा? स्टेशनाला चिकटून?"

रखमाजीनं नंबर वाचला आणि वर पाह्यलं. "ह्यो तर साहेबांचाच गट!"

सगळं गाव माझ्याकडं वळलं. माझं रान म्हणजे बरड. तिथं शेळी सोडली तर ती मलाच खायला उठती. आणि पुठ्ठ्यावर ते सिमल्यापेक्षा महाग! पोरीसमोर एक डाव तरी जहागीरदार व्हावं असं वाटलं, हे चारचौघांत सांगता येतं का?

मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे रेल्वे पक्की झाली!

बेबीनंदासुद्धा कानाशी येऊन फुसफुसली, "आहो, गावाला न्हाई तर न्हाई, मला तरी सांगायचं! मी आईला फोन केला आसता."

दुसऱ्या दिवशी गावानं पुठ्ठा आमच्या ओट्यावर मांडला आणि माझ्या हातात ब्रश दिला. भाव दुरुस्त करा! मी म्हणलं, "कलावंताचा ब्रश विकाऊ न्हाई!" हे वाक्य पुरं होईस्तोवर बद्रीनाथ आबानं आणलेला कोंबडा बेबीनंदानं टोपल्याखाली झाकलेला होता. मंग आबाचा भाव वाढवला. रखमाजी चिडला, त्याचा वाढवला. जेल उचलून ओढ्यात टाकला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे भाव सारखे झाले, आणि आता कुणीच खूश न्हाई! का? तर शेजाऱ्यालाही तेवढाच मिळाला!

शेवटी बद्रीनाथ आबानं पुठ्ठा काखेत मारला. "पुरावा हाय. माझ्या कपाटात कुलपात राहीन."

ज्योत्स्ना ओट्याखाली उभी होती. मुठीत दोन फासे. एकदाही न टाकलेले. ती रडली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं.

मी मान खाली घालून म्हणलं, "उद्या दुकानातलाच आणतो. सिमलावाला."

सकाळच्या गाडीनं टेंभुर्णीला उतरलो. दुकानाच्या अलीकडं ई-सेवा केंद्र लागतं. तिथं ही लांब रांग! सगळी आमच्याच गावची तोंडं.

"इथं काय करून राह्यले?" मी विचारलं.

"सातबारे काढून ठेवून राह्यलो," रखमाजी म्हणाला. "काल फाट्यावर मोजणीवाले दिसले म्हणे."

मी पोट धरून हसलो. "अरे मूर्खांनो! ती रेल्वे मी काढली! ह्या हातानं! पुठ्ठ्यावर!"

रखमाजीनं शांतपणे तंबाखू मळली. "तुम्ही काढली म्हणून तिनं येऊच नये का?"

आता ह्याच्यात खोट काढून दाखवा! मी बराच वेळ शोधली. सापडली न्हाई. आणि तोवर माझ्यामागं अजून माणसं येऊन उभी राहिली होती. मागं माणसं असली की आपोआप आपण रांगेत असतो, त्याला माझा काय इलाज?

सर्व्हर बंद पडला, लाइट गेली, परत आली. माझा नंबर लागला तेव्हा ऊन कलतीला गेलेलं. पळत दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, "शेवटचा डबा सकाळीच गेला. तुमचे बद्रीनाथ आबा घेऊन गेले."

"आबा? त्यांना खेळ कशाला?"

"म्हणाले, मोठ्या शहरात रेल्वेचा काय भाव चालू हाय, ते बघायचं हाय."

घरी आलो. ज्योत्स्ना दारातच होती, मुठीत फासे. पळत येऊन तिनं माझी पिशवी उघडली, हात घातला आणि सातबारा बाहेर काढला. उलटून पाह्यला. परत पिशवीत पाह्यलं. काहीच न्हाई.

"पप्पा," ती म्हणाली, "आपला तो सांताच बरा व्हता. त्याच्या पोत्यातून खेळ तरी निघाला व्हता."

मी कागद तेवढा तिच्या हातातून अलगद काढून घेतला. चुरगळला असता.