डाव्या बाजूची पट्टी

रेवणसिद्धच्या गाडीची डावी बाजू बिघडली तेव्हा शिवराजच्या लग्नाला आठ दिवस उरले होते.

शिवराज म्हणजे त्याचा मेहुणा, पूनमचा धाकटा भाऊ. लग्न माढ्याला. नवरदेवाला मंडपापर्यंत कोणाच्या गाडीतून न्यायचं, याचा निकाल सासऱ्यांनी, म्हणजे कुंडलिकरावांनी, फोनवरच देऊन टाकला होता. "मान थोरल्या जावयाचा. पण पाव्हणं, गाडी चकाचक पायजे बरं का. न्हायतर अकलूजचं जोतिराम हायतच. त्येनी नवी घेतलीया."

जोतिराम हे साडू. वयाने धाकटे, गाडीने थोरले. त्यांच्यापुढे आपला मान जातो की राहतो, एवढ्याच चिंतेने रेवणसिद्ध गाडी पुसायला बसला आणि चमकला. त्याची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण जिवापाड राखलेली. काचांच्या खालून पुढून मागे गेलेली तिची धातूची पट्टी तर अशी, की तिच्यात बघून भांग पाडावा. उजवीकडची पट्टी अजूनही तशीच होती. डावीकडच्या पट्टीवर मात्र ताक सांडून वाळल्यासारखे पांढरट डाग होते.

"एकाच बाजूला का?" हा प्रश्न त्याला पडला आणि तिथेच घात झाला. दुसरा कोणी असता तर गॅरेजवाल्याच्या नावाने बोटं मोडून मोकळा झाला असता, कारण गॅरेजवाल्याने "ही पट्टी आता मिळत नाही" असं सांगून हात वर केले होते. पण रेवणसिद्ध हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा सहायक होता. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या परीक्षानळ्या धुतल्या होत्या. स्वतःचा असा प्रश्न त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून आनंदच झाला होता.

"अय्यो, बोअरचं पाणी की रं हे!" शेजारचे बसलिंगप्पा कुंपणावरून म्हणाले. हे निवृत्त पोस्टमास्तर. गल्लीत पत्रं येणं बंद झाल्यापासून बातम्या तेच पोहोचवत. "आमचा गिझर उघडून बघ जा. नुसती चुन्याची भट्टी झालीय."

"पण अप्पा, बोअरचं पाणी मी दोन्ही बाजूंना मारतो की."

"मग ऊन."

"ऊन टपावर जास्त पडतं. टपाला काय झालंय?"

बसलिंगप्पा विचारात पडले. पोस्टात त्यांना असे उलटे प्रश्न कोणी विचारले नव्हते.

तेवढ्यात समोरच्या गिरिजाबाई आल्या. "चिंच लावा," त्या म्हणाल्या. "तांब्याची घागर कशी निघती चिंचेनं? लोखंडाला काय वेगळं?"

"लोखंड नाही हो काकू ते," असं म्हणता म्हणता रेवणसिद्धने वही काढली. चिकटपट्ट्या लावून डाव्या पट्टीचे चार भाग केले. पहिल्याला टूथपेस्ट, दुसऱ्याला चिंच, तिसऱ्याला दुकानातलं पॉलिश.

"आणि चौथ्याला?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. तुलनेसाठी तसाच ठेवायचा."

"बिचारा," गिरिजाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी पाहिलं तर टूथपेस्टचा आणि पॉलिशचा भाग चांगलाच उजळला होता. बसलिंगप्पांनी टाळ्या वाजवल्या, कारण टूथपेस्ट त्यांच्या घरची होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही उजाळा कायम होता. रेवणसिद्ध खुशीत स्कूटरवरून शाळेला गेला. संध्याकाळी येऊन बघतो तर चारही भाग पांढरे. बिचारा चौथा तर आदल्या दिवसापेक्षाही जास्त.

आता गल्लीला राहवेना. दूध आणायला निघालेले थांबू लागले. "आज काय निकाल?" असं विचारत पलीकडच्या गल्लीतले लोक येऊ लागले. गिरिजाबाईंनी तर घरी आलेल्या पाहुण्यांना आधी गाडी दाखवली आणि मग चहा दिला. लोक वाकून वाकून, नाक लावून पट्टी बघत. दारात मेथी निवडत बसलेली रेवणसिद्धची आई, चिमाबाई, कपाळाला आठ्या घालून या गर्दीकडे बघत असे. तिला हा प्रकार आवडलेला नाही, एवढं दिसत होतं.

"अहो, येताना लिंबं आणा," पूनम तिसऱ्यांदा म्हणाली. "परवा सहा आणली होती, एक शिल्लक नाही. पोह्यावर पिळायला लिंबू नाही या घरात."

"हूं," रेवणसिद्ध म्हणाला आणि कोरडे पोहे खात वहीत लिहीत राहिला. त्याला एक अद्भुत गोष्ट सापडली होती. पट्टी सकाळी ठीक असते, संध्याकाळी बिघडते. आणि जितकी जास्त घासून चमकवावी तितकी जास्त बिघडते. असा धातू पुस्तकात नव्हता.

शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मागच्या बाजूने बसलिंगप्पांच्या गच्चीवर चढला. भर दुपारी बाराच्या उन्हात तो आणि बसलिंगप्पा पाण्याच्या टाकीआड दबा धरून बसले.

दार उघडलं. चिमाबाई बाहेर आली. तिने गल्लीचा अंदाज घेतला, पदराखालून कापलेलं लिंबू काढलं, त्याच्यावर मीठ चोळलं आणि गाडीवरून तीनदा उतरवलं. उजवी बाजू भिंतीला चिकटलेली, तिकडे जायला वाटच नव्हती. म्हणून ती डाव्या पट्टीला भिडली आणि घासू लागली.

"आल्याची, गेल्याची," ती पुटपुटत होती. "दूधवाल्याची, गिरिजाच्या पाव्हण्यांची, त्या मेल्या बसलिंगप्पाची…"

"माझी बी?" बसलिंगप्पा टाकीआडून ओरडले. "अय्यो चिमाक्का, मी काय केलंय!"

चिमाबाईने वर पाहिलं. घाबरण्याचं नावसुद्धा नाही. "रोज सकाळ-संध्याकाळ डोळं लावून बसताव की! मग?"

रेवणसिद्ध धावतच खाली आला. "आई, अगं हे काय? लिंबामिठानं पट्टी खराब होते. मी आठवडाभर डोकं फोडतोय!"

"गाडी आली त्या दिशी म्या लिंबू-मिरची बांदली, ती तू तोडून टाकलीस. काय म्हणला हुतास? 'आई, लिंबात आंबटपणा असतोय, दुसरं कायबी नसतंय.' मग आता का भितूस?"

रेवणसिद्धने वही पाठीमागे लपवली.

"आदी म्या आवसंला तेवडी दिष्ट काडायची. ह्या आटवड्यात रोज काडाय लागली. मला काय हौस हाय? गल्लीभरची लोकं गोळा करून गाडी दावतंय कोण?"

"मी," रेवणसिद्ध बारीक आवाजात म्हणाला.

"जितं चमकतंय तितंच नजर बसती. म्हून तितंच घासायचं. आन गाडीचं काय करायचंय रं मला? आत तुमी बसता."

यावर त्याला रागावता आलं नाही. आईचा हात लिंबा-मिठाने पांढरा पडला होता, पट्टीसारखाच. तो तिला नळावर घेऊन गेला. मग वही उघडून त्याने बराच वेळ शेवटचं पान पाहिलं. लोक जमतात म्हणून आई लिंबू चोळते, लिंबाने पट्टी बिघडते, पट्टी बिघडली म्हणून लोक जमतात. प्रयोगात सगळं मोजलं होतं, फक्त प्रयोग करणारा मोजायचा राहिला होता.

"लग्न होईपर्यंत माझ्या गाडीला लिंबू लावायचं नाही. शप्पथ घे."

"तुज्या गाडीला न्हाय लावत. झालं?"

दोन दिवस त्याने आणि पूनमने पट्टी घासघासून काढली. डाग निघाले, पण गेलेलं तेज काही परत आलं नाही. रविवारी माढ्यात कुंडलिकरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. नवरदेव डावीकडून बसणार. ते डावीकडेच थांबले.

"पाव्हणं," ते खाकरून म्हणाले, "राग मानू नगा. फोटोत लई फरक पडतोय."

शिवराज मुंडावळ्या सावरत जोतिरामच्या गाडीत जाऊन बसला. तिची पट्टी अशी लखलखत होती की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. रेवणसिद्धला फार लागलं. "दाजी, मनावर घेऊ नका," असं जोतिराम म्हणाले तेव्हा तर जास्तच लागलं. तो मंडपाच्या कोपऱ्यात एकटाच खुर्ची टाकून बसला.

अक्षता पडल्या. पंगतींची तयारी सुरू झाली. बाहेर जोतिरामच्या गाडीभोवती निम्मं माढं जमलं होतं. पोरं पट्टीत तोंडं बघत होती, बाया काचेला हात लावून बघत होत्या.

चिमाबाई लेकाजवळ आली. तिच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "रेवण्या, बग की, सगळी कशी टक लावून बगत्यात. बिचाऱ्या जोतिरामची नवी गाडी. सैपाकघरातनं लिंबू आणलंय म्या. तू नगं म्हणत असलास तर ऱ्हाऊं दे."

रेवणसिद्धने आईकडे पाहिलं. मग गाडीकडे. लिंबाने काय होतं हे त्या मंडपात त्याच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं. तो विज्ञानाचा माणूस होता आणि एकाच गाडीवरून निष्कर्ष काढता येत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"लोक पंगतीला बसू देत," तो म्हणाला. "आणि आई, ती गाडी भिंतीला लागून नाहीये. दोन्ही बाजू मोकळ्या आहेत."

चिमाबाई समाधानाने गेली. रेवणसिद्धने खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं, 'गाडी दुसरी. पट्टी निर्मळ. वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं.' मग शिस्तीत खाली एक रेघ मारली आणि जेवायला उठला.