खाली बस

आमच्या शेजारचे मधुकाका लग्न न झालेल्या ऑटोवाल्याच्या ऑटोत बसत नाहीत. सिविल लाइन्सच्या कोपऱ्यावर ऑटो थांबला की आधी विचारणार, "भैया, बाल-बच्चे हैं?" तो "हैं" म्हणाला तरच पाय आत. ज्याची घरी कुणी वाट पाहत नाही, तो ब्रेक कशाला दाबेल, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक लाजरा पोरगा म्हणाला, "सगाई हो गई है, चाचाजी." काकांनी बराच विचार करून त्याला सदर बाजारापर्यंत परवानगी दिली.

काकांना भीती सगळ्याचीच. पंख्याची, पेरूतल्या बियांची, फोडणीत उडणाऱ्या मोहरीची. "आधीच सांगून ठेवतो" हे त्यांचं पालुपद. जगाशी ते हिंदीत घाबरतात आणि मुलांशी मराठीत. मुलांशी हिंदी बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. माझा ओम आणि पाच वर्षांची मिनू सगळं ऐकून घेतात आणि हिंदीत उत्तर देतात. झाशीतल्या आम्हा मराठी घरांत आता हे असंच चालतं.

मुलांना गावाबाहेरच्या निसर्ग केंद्रात नेते म्हटल्यावर काका पिशवी घेऊन हजर. "तुम्हाला एकटं सोडून मला घरी चैन पडेल का गं?" पिशवीत शिट्टी, दोरी आणि जळवांसाठी मिठाची पुडी. जळवा आमच्याकडे कुणी पाहिल्या आहेत, देव जाणे.

फाटकातच त्यांनी मुलांना उभं केलं. "आधीच सांगून ठेवतो. फुलपाखरामागे धावायचं नाही. तळ्याकडे जायचं नाही. आणि मिनू, हात सुटलाच तर रडायचं नाही. खाली बस. मी येतो."

फुलपाखरांच्या बागेत शाळेच्या सहलीतली मुलं लोंढ्यासारखी आमच्यातून गेली. लोंढा ओसरला, तर मिनू नव्हती.

समोरच तळं होतं. मी हाका मारत सुटले. काकांनी शिट्टी तोंडाला लावली, पण ओठ इतके थरथरत होते की नुसता वारा निघाला. मग ते बुटांसकट तळ्यात उतरले, पाण्यातून काठचं गवत बाजूला करत बघू लागले. बाकांखाली वाकले, झुडपांत शिरले. "बसली असेल गं कुठंतरी. मी सांगितलंय तिला. मिनू! खाली बस! खाली बस!"

आळ्यात पाणी सोडणारा माळी उठून उभा राहिला. "खाली बस? वो तो बाहर ठाड़ी है, बाबूजी."

काकांना काही कळेना. मला कळलं आणि मी पळाले.

फाटकाबाहेर शाळेची रिकामी बस उभी होती. पुढच्याच सीटवर मिनू, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसलेली. "काका ने बोला था ना, खाली बस," ती रागावून म्हणाली. "मैं कब से बैठी हूँ!"

मी तिला छातीशी धरलं. हसू की रडू, ते समजेना. ओमला घेऊन काका मागून आले आणि बसच्या पायरीवर मटकन बसले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली.

"उद्यापासून मी यांच्याशी हिंदीतच बोलेन," ते म्हणाले. "माझ्या मराठीपायी आज पोर गेली असती." मग हळूच म्हणाले, "तुझी काकू होती तोवर घरात बोलणं व्हायचं गं. आता दिवसभरात मराठीत तोंड उघडायला ही दोनच पोरं आहेत. म्हणून आपला येतो तुमच्यामागे."

मी समजत होते, काका काळजीपोटी येतात. फार वाईट वाटलं.

मिनू बसमधून उतरली. काकांच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन तिनं त्यांचे डोळे निरखले. आणि आमच्या मिनूनं जन्मात पहिल्यांदा, आपणहून, मराठीत विचारलं, "काका, तू घाबरली?"

काकांनी तिचे दोन्ही हात धरले.

"हो गं बाई," ते म्हणाले, "खूप घाबरली."