लिमयेकाका फळा पुसतात

आमच्या नारायण पेठेतले लिमयेकाका रोज संध्याकाळी सात वाजता फेसबुक पुसतात. म्हणजे मोबाइलची काच नव्हे. सकाळी लिहिलेली पोस्ट काढून टाकतात, हात झटकतात आणि मगच चहा घेतात.

"अहो काका, पोस्ट राहू द्यायची असते!" मी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला.

"शिळा फळा मी ठेवत नाही," काका म्हणाले.

आता हे फळा-प्रकरण सांगायला हवं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर काकांचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, पाण्याच्या गाद्या. घरात कुणी आजारी पडलं की न्यायचं, गरज संपली की परत आणायचं. दारात फळा, त्यावर काकांचं वळणदार अक्षर: 'वॉकर आहेत. न्या. वेळेत परत आणा. आणताना पुसून आणा.' संध्याकाळी पुसायचा, सकाळी नवा लिहायचा. पण आमच्या बोळात येऊन फळा वाचतंय कोण? सामान धूळ खात पडलं. शेवटी विश्वस्तांनी बजावलं, दिवाळीपर्यंत वस्तू बाहेर गेल्या नाहीत तर केंद्राला कुलूप. काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. एरवीही बोलत नाहीत, पण हे वेगळं होतं.

म्हणून मी त्यांना फेसबुकवर केंद्राचं पान काढून दिलं. मी जाहिरातीच्या धंद्यातली, त्यामुळे उपदेश आलाच. "काका, संस्थेनं नुसतं काय आहे ते सांगून भागत नाही. माणसांच्या गोष्टी सांगा. फोटो टाका. कुणी लिहिलं तर प्रेमानं उत्तर द्या."

"गोष्टी सांगायला मी कीर्तनकार आहे का?"

आणि प्रेमानं उत्तर? कुणी 'खूप छान उपक्रम' लिहिलं की काका लिहीत, 'ते आम्हांस ठाऊक आहे. आपणांस काय हवे?' नुसते लाइक देणाऱ्यांना तर जाहीर सूचना: 'अंगठे पुरेसे जमले आहेत. ज्यांना कुबडी हवी असेल त्यांनीच यावे.' मी म्हटलं, झालं, बुडालं केंद्र!

पण पुणेकरच ते! कुणीतरी नीट खडसावतंय म्हटल्यावर त्यांना घरच्यासारखं वाटलं. 'सातला पुसतात, आधी वाचा' म्हणत लोक काकांचा फळा एकमेकांना धाडू लागले. थेट कर्वेनगरहून माणसं आली. वॉकर गेले, गाद्या गेल्या. रिकाम्या मांडण्या बघून काका चक्क शीळ घालत होते, देवाशप्पथ!

राहिली एक व्हीलचेअर. कोपऱ्यातली, हिरवी उशी असलेली.

"बाकी सगळं गेलं, हीच का राहिली?" विश्वस्तांनी विचारलं.

"नादुरुस्त आहे," काका म्हणाले.

नादुरुस्त कसली? रोज तेलपाणी तिलाच तर व्हायचं. ती सुधाकाकूंची खुर्ची. काकू गेल्यावर काकांनी हे केंद्र काढलं, पण ती खुर्ची कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही.

मग कसब्यातल्या एका मुलीचा निरोप आला. 'आई कधीची घरात पडून आहे. तिला एकदा बागेत जाऊन भेळ खायची आहे. खुर्ची मिळेल का?'

काकांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"सुधालाही बागेत जायचं होतं हो. मी म्हणायचो, आधी बरी हो, मग जाऊ. नेलं असतं तर काय बिघडलं असतं?"

काका उठले, उशी झटकली आणि खुर्ची स्वतः ढकलत कसब्यात पोचवून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. बागेत, झाडाखाली, हिरव्या उशीवर एक बाई. हातात भेळ, हनुवटीला चटणी आणि तोंडभर हसू. काकांनी तो पानावर टाकला. खाली लिहिलं: 'ही खुर्ची आमच्या सुधाची. तिला बागेत न्यायचे माझ्याकडून राहिले. खुर्ची परत आणण्याची घाई नाही.'

सात वाजले. मी मुद्दाम खाली रेंगाळले होते. काका फोनकडे बघत बसले होते. मग त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला आणि चहाचा कप उचलला.

"काका, फळा पुसायचा राहिला."

"आजचा राहू दे," काका म्हणाले. "बाईंची भेळ व्हायचीय अजून."