तापत्या यंत्राची आणि जूलियनरावांच्या गळ्याची हकीकत

श्रीनाद साक्ष. शके एकोणीसशे दोन, रौद्रनाम संवत्सरी, विलायतेच्या उत्तरेस धुरकट मुलखात एक राज्य उदयास आले. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्यात माणसे दोन आणि यंत्र एक. जूलियनराव गाणार, आणि नॉर्मनपंत सिंथ नामे विजेवरचे वाद्ययंत्र वाजविणार, आणि चालीही तेच रचणार. यंत्र मोठे लहरी. सभागृहात गर्दीची ऊब वाढली की त्याचा सूर वर चढे. मग पंतांनी युक्ती योजिली की, खेळाआधी यंत्र अंमळ उतरते लावावे, आणि गर्दीने तापले की सूर आपसूक जागी यावा, आणि रावांच्या गळ्यास त्रास न व्हावा. हे पंतांनी कोणास सांगितले नाही.

मग कीर्ती जाहली. भित्तिपत्रकावर रावांचा मुखडा हातभर छापिला आणि पंतांचे फक्त कोपर आले. कोणी पुसिले, "चाल कोणाची?" राव केस विंचरीत बोलिले, "आमची." हे 'आमची' पंतांनी चार वर्षे गिळले, आणि एके दिवशी वदले, "केसांना तास लावतोस. चालीला किती लावलास?" राव हसिले, "चाल बघायला कोण येतं, नॉर्म्या?" आणि राज्य दुभंगले.

(पुढील पान पंतांनी स्वहस्ते फाडिले आहे. काठावर इतकेच उरले: "…राव एकटेच गाऊन… तेथेही टाळ्या…")

शके एकोणीसशे चौतिसात उभयतांचा समेट जाहला. पंतांस टक्कल पडले होते आणि रावांचे केस तसेच होते, हेही पंतांस सोसले नाही. नवे भित्तिपत्रक आले. पुन्हा कोपर. मग पंतांनी खेळाच्या दिवशी रिकाम्या थंड सभागृहात यंत्र मुळीच उतरविले नाही, बरोबर सुरात लाविले, की सूर चढावा आणि शेवटच्या उंच जागी रावांचा गळा सर्वांदेखत फाटावा. आणि लोक दाटले, आणि यंत्र तापले, आणि सूर चढला, आणि ती जागा आली. रावांनी एकवार यंत्राकडे पाहिले, डोळे मिटिले, आणि गळा त्याहून वर नेऊन ठेविला. सभा उभी राहिली. "या वयात काय गळा!" ऐसा गजर जाहला. पंत काळे ठिक्कर पडले.

मुजरा करिते समयी रावांनी माइक तळहाताने झाकिला आणि हळू बोलिले, "आज उतरवून लावलं नाहीस."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. माझा गळा तू सांभाळलास. चालीही तुझ्याच, नॉर्म्या."

"मग हात काढ की त्या माइकवरून! मोठ्यानं बोल!"

रावांनी हात काढिला. पंत यंत्रावरून पुढे झुकले. राव लोकांकडे वळून गर्जिले, "आणखी एक होऊन जाऊ दे!"

आणि टाळ्यांत पंतांनी रावांच्या मानेवरील घाम पाहिला, मनात शिवी हासडिली, आणि हात आपसूक यंत्राच्या सूर लावायच्या खुंटीकडे गेला, आणि सूर अंमळ उतरविला.

सारांश, राज्य पुन्हा एक जाहले. जयजयकार रावांचा जाहला. पंतांस तीस वर्षे हवे होते ते शब्द मिळाले, परंतु तळहाताखाली मिळाले. म्हणोन येथे लिहून ठेविले.