पहिल्या घराची पाटी

वसाहतीच्या इतिहासावर मास्तर दरवर्षी सभागृहात व्याख्यान देत. ऐकायला तिघं असत: त्यांची बायको, दार लावायला थांबलेला रखवालदार आणि पंख्याखाली डुलकी काढायला येणारे एक आजोबा. यंदा माणसं जमली नाहीत तर हा नाद सोडायचा, असं मास्तरांनी ठरवलं होतं. शेवटचा प्रयत्न म्हणून, वसाहतीतलं पहिलं घर होतं तिथे आपल्या हाताने पाटी लावायला ते सकाळीच कुदळ घेऊन गेले.

जागा अगदी अचूक होती. कोणतं घर कधी उभं राहिलं, रस्ता कुणाच्या हट्टापायी वळला, सगळं त्यांना तोंडपाठ. पाण्याचा मुख्य पाइप कुठून जातो, तेवढं मात्र त्यांच्या इतिहासात आलं नव्हतं. दोनचार घाव घातले आणि जमिनीतून कारंजं उडालं.

घरोघरचे नळ कोरडे पडले. कुणाच्या तोंडाला साबण तसाच, कुणाचे कपडे मशिनमध्ये अडकलेले. सगळी वसाहत बादल्या घेऊन मैदानातल्या जुन्या हातपंपावर लोटली. ओलेचिंब मास्तर खाली मान घालून पंप हापसू लागले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वैतागून विचारलं, "या पंपाला पाणी इतकं कमी का हो?"

विचारलं मास्तरांना, म्हणजे उत्तर लांबणारच. पहिली दोन घरं सख्ख्या जावांची, त्यांनी सांगितलं. पाणी लागलं होतं थोरलीच्या दारात, पण धाकटी तिथे जाईना. शेवटी पंप बसला बरोब्बर मधोमध. पाणी कमी, पण दोघींची पावलं सारखी.

रांगेत हशा पिकला. बेकरीवाल्याची आई म्हणाली, "सारखी कुठली? धाकटी माझी आत्या. दोरीने मोजून आली होती, चार पावलं जास्त भरली. मरेपर्यंत बोलत होती."

मग ज्याला त्याला काहीबाही आठवू लागलं. बादल्या भरून वाहत होत्या, पण हलायला कुणी तयार नव्हतं. मास्तरांचा आवाज चढला, हातवारे सुरू झाले.

तेवढ्यात चिखलाने माखलेला प्लंबर पाइप जोडून झाल्याचं सांगायला आला. मास्तरीणबाईंनी त्याला कोपऱ्यावरच गाठलं.

"झालं का काम?"

"झालं की. पाणी सोडू?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्या रांगेकडे.

"आधी घरी चला, चहा घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "सावकाश घ्या. दोन कप घ्या."