गाढवपाठीवर बर्फ सुटला त्याची हकीकत

श्री शिखरवासी देवाचे पायी मस्तक ठेवोन, आणि बर्फाखाली जे निजले त्यांस स्मरोन, हे वर्तमान लिहिले असे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, हिवाळ्याचे दिवसांत उत्तरेकडील एका डोंगरी मुलखांत जे घडले ते ऐसे. मुलखाचे नाव घ्यावयाचे प्रयोजन नाही. मुलूख थंड, शेत थोडे, डोंगर बहुत. कार्तिक सरला म्हणजे खिंडी बर्फाने भरत आणि चैत्रापर्यंत भुई दिसत नसे. त्या लोकांची चाल ऐसी की, पायांस लांब लाकडी फळ्या बांधाव्या, फळ्यांचे तळास बकऱ्याचे केसाळ चामडे लावोन डोंगर चढावा, म्हणजे पाय मागे सरत नाही. आणि माथ्यावर पोहोचोन चामडे सोडावे, कमरेस गुंडाळावे आणि घसरत खाली उतरावे. आधी हे पोटाचे काम होते, जासुदांनी खिंडीपलीकडे खलिते न्यावे इतक्यापुरते. मग हळूहळू त्याची हौस जाहली, आणि राजधानीचे सरदारपुत्रही हिवाळा आला म्हणजे फळ्या खांद्यावर टाकोन डोंगरास येऊ लागले.

खिंडीखालील गावी पदाजी सावंगे म्हणोन नाईक होते. वय पन्नाशीचे, अंगाने सडपातळ, बोलणे थोडे. महाराजांकडोन त्यांस खिंडीची नाइकी होती, म्हणजे वाट राखावी आणि येणाऱ्याजाणाऱ्यास बर्फाचा हालहवाल सांगावा. त्यांचे बाळपणापासोनचे स्नेही सटवोजी रोडे; दोघे एकाच वाटेने चढत आणि एकाच भाकरीतले खात. पूर्वी गावाजवळ एक सुंदर उतार होता, त्यास रेशमी म्हणत. पदाजींनीच तो मायेने एका पाहुण्यास दाखविला. त्या पाहुण्याने आपल्या सोयऱ्यांस सांगितला, सोयऱ्यांनी अवघ्या राजधानीस. आणि मग जी गर्दी जाहली तिने शेकोट्यांसाठी भुर्जाची झाडे तोडली, कस्तुरीमृग पळोन गेले, आणि गावच्या माणसांस आपल्याच उतारावर कोरा बर्फ मिळेनासा जाहला. याचे दुःख पदाजींचे मनी राहिले. पुढे त्यांस व सटवोजींस माथ्याचे पलीकडे दुसरी जागा सापडली. दाट झाडीत खोलगट उतार, वाऱ्याचा स्पर्श नाही, बर्फ पिठासारखा, फळी चालली तर आवाज नाही. मावशीने पदराखाली घ्यावे तैसे तेथे वाटे, म्हणोन दोघांनी त्यास मावशीचा पदर म्हटले, आणि बेलभंडारा उचलोन शपथ केली की ही जागा कोणास सांगावयाची नाही. येथवर त्यांत कोणाचे वाईट नव्हते.

त्या साली बर्फ खोटा पडला. मार्गशीर्षांत थोडका पडला आणि मग आभाळ कोरडे राहोन थंडी मोठी आली. पातळ बर्फ बहुत दिवस थंडीत राहिला म्हणजे त्याचे खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दाणे होतात आणि मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. मग पौषांत पश्चिमेचा वारा सुटला, बर्फ अतोनात पडला, आणि वाऱ्याने तो उचलोन पूर्वेकडील उघड्या उतारांवर नेऊन लादला. ऐशाने वर जड पांघरूण आणि खाली मोकळे दाणे ऐसी अवस्था जाहली. चालत असता पायाखाली धप्प ऐसा खोल आवाज होई आणि बर्फ अंमळ खाली बसे. गावचे जाणते म्हणत की डोंगर उसासा टाकतो, यंदा उघड्यावर जाऊ नये. पदाजी हे सर्व जाणत होते. ते त्या हिवाळ्यात झाडीबाहेर गेलेच नाहीत, मावशीचे पदरांतच उतरत राहिले.

ऐशा समयी राजधानीहून पाच असामी आले. त्यांत मुख्य नरसिंगराव देवळे, कैलासवासी सरदार देवळे यांचे एकुलते चिरंजीव, वय वीस-बावीस, चेहरा हसरा, बोलण्यांत अदब. त्यांनी नाइकांचे घरी येऊन पायांस हात लाविला, आणि पदाजींच्या पत्नी चिमाबाई यांनी त्यांस चुलीपाशी बसवोन ताक-भात वाढिला. जेवतां जेवतां नरसिंगरावांनी पुसिले की, येतांना माथ्याचे अंगास फळ्यांच्या ताज्या रेघा दिसल्या, त्या पलीकडे कोठे उतरतात, तेथे बर्फ चांगला आहे काय. पदाजींचे हातचा घास हातीच राहिला. त्यांस रेशमीची तोडलेली झाडे आठवली. मग ते शांतपणे बोलिले, "तिकडे काही नाही. खडक आणि काटे. तुम्ही गाढवपाठीस जा. उतार मोकळा आहे, बर्फ मऊ आहे, आणि निर्धास्त आहे."

गाढवपाठ म्हणजे खिंडीचे उत्तरेस एक रुंद, उघडा, पूर्वेकडील उतार. त्या साली पदाजींनी तेथे पाऊल ठेविले नव्हते. सटवोजी शेजारीच बसले होते, त्यांनी ऐकिले आणि खाली पाहिले. नरसिंगरावांस आनंद जाहला. ते म्हणाले की आम्ही परके, बर्फाची भाषा आम्हांस येत नाही, आपण जागचे, आपला शब्द आम्हांस पुरे. पाहुणे बिऱ्हाडी गेले तेव्हां अंगणात सटवोजींनी मित्रास धरिले आणि पुसिले, "गाढवपाठीवर यंदा कधी गेलास?" पदाजी म्हणाले, "राजधानीचे लोक आहेत. अर्ध्या चढात दमोन माघारे येतील." सटवोजींनी पुढे विचारिले नाही. विचारावयास पाहिजे होते, ऐसे ते पुढे जन्मभर म्हणत राहिले. परंतु त्या दिवशी शपथ आणि स्नेह दोन्ही आड आले, आणि मावशीचा पदर वाचला याचा त्यांसही आंतून संतोषच वाटला.

दुसरे दिवशी आभाळ स्वच्छ निघाले. दोघे मित्र झाडीतील वाटेने चढोन मावशीचे पदरांत उतरले, आणि बर्फ ऐसा होता की दोघांस पोरपण आठवले. सटवोजी तर खाली पोहोचोन हसत बसोन राहिले. तितक्यांत डोंगराआडोन आवाज आला. तोफेसारखा नव्हे; मोठे दार कोणी हळूच लोटावे आणि मग अवघे घरच कोसळावे तैसा. झाडांवरील बर्फ झडला. पदाजी तत्काळ माथ्याकडे वळले. त्यांनी चामडे लाविले, घाईत गाठ बसेना, ती सटवोजींनी बसविली, आणि दोघे माथा चढोन पलीकडे गेले. पाहतात तो गाढवपाठीचा अवघा उतार सुटोन खाली गेलेला, वर तुटीची रेघ भिंतीसारखी उभी, आणि तळास बर्फाचे ढेकूळ नांगरल्या शेतासारखे पडलेले. दोन असामी कडेस होते ते वाचोन हातांनी बर्फ उकरीत होते आणि नावे घेऊन हाका मारीत होते.

मग पदाजींनी काठ्या खुपसोन शोध मांडिला. बर्फ सुटोन थांबला म्हणजे चुन्यासारखा घट्ट होतो, फळीने फोडावा लागतो. गावाकडोन माणसे आली, बायकाही फावडी घेऊन आल्या. एकजण मोहनजी नावाचा तरुण जिवंत निघाला, ओठ निळे, श्वास उरलेला. दुसरा निघाला तो गेलेला. तिसरा दुपार कलतांना पदाजींचे काठीस लागला. त्यांनी स्वतः उकरोन काढिला, तो नरसिंगराव. तोंडापुढे श्वासाने बर्फ वितळोन पुन्हा गोठला होता, त्याची पातळ काच जाहली होती. त्यावरोन कळले की काही वेळ ते जिवंत होते. पदाजींनी ती काच बोटांनी फोडिली आणि कानापाशी तोंड नेऊन दोन वेळा नाव घेतले. मग चिमाबाईंनी त्यांचा हात धरोन बाजूस केले.

मोहनजीस चुलीपाशी ऊब दिल्यावर बोलता आले. त्यास काही ठाऊक नव्हते, म्हणोन तो सरळ बोलिला. "नाईक, आम्ही वर खड्डा खणून पाहिला होता. तळास दाणे होते. मी म्हटले माघारे फिरू. नरसिंगराव म्हणाले, नाईक जागचे आहेत, त्यांनी पाहिले असेल." हे ऐकोन पदाजी उठोन बाहेर गेले आणि अंगणात उभे राहिले. सटवोजी त्यांचे मागे गेले नाहीत. त्या दिवसापासोन दोघे एका वाटेने चढले नाहीत; भांडण जाहले नाही, परंतु एकमेकांचे तोंड पाहिले की दोघांस तोच आवाज ऐकू येई.

वर्तमान हुजुरांत गेले. महाराजांनी पदाजींस बोलावोन दरबारांत पुसिले. पदाजींनी काही लपविले नाही. जागा राखावयासाठी दुसरी सांगितली आणि ती न पाहतां निर्धास्त म्हटली, इतके उभ्याने सांगितले. कोणी मुत्सद्दी म्हणाले की यास बेडी घालावी. कोणी म्हणाले की बर्फ देवाचा, माणसाचा काय दोष. कोणी म्हणाले की आपली शिकारीची जागा कोण परक्यास सांगतो, आम्हीही सांगत नाही. महाराजांनी सर्वांचे ऐकोन घेतले आणि नरसिंगरावांच्या मातोश्री लाडूबाई देवळे यांचेकडे पाहिले, की आपण सांगाल ते करू. त्या पांढरे लुगडे नेसोन बसल्या होत्या. त्यांनी बेडी मागितली नाही. त्या म्हणाल्या की, यांनी जी जागा राखिली ती मला पाहावयाची आहे.

मग चैत्रांत, सकाळचा बर्फ घट्ट राहोन पायाचा भार धरतो त्या दिवसांत, लाडूबाई खिंडीस आल्या. पालखी वर जाईना म्हणोन त्या पायी चालल्या. पदाजी पुढे पायऱ्या खोदीत होते, त्या मागोन त्यांवर पाऊल ठेवीत होत्या. वाटेत त्यांस दम लागला तेव्हां पदाजींनी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, काठीवर भार टाकोन उभ्या राहिल्या आणि पुन्हा चालो लागल्या. मावशीचे पदरी पोहोचल्या तो ऊन झाडांतून खाली येत होते, बर्फावर एकही रेघ नव्हती, आणि कोठे एक पाखरू बोलत होते. स्थळ खरेच सुंदर होते. लाडूबाईंनी बहुत वेळ पाहिले. मग इतकेच पुसिले, "यासाठी?"

पदाजी म्हणाले, "होय."

त्यांनी शाप दिला नाही, क्षमाही केली नाही. पदर सावरला आणि आल्या वाटेने खाली उतरल्या, आणि राजधानीस गेल्या त्या पुन्हा त्या मुलखांत आल्या नाहीत.

महाराजांनी नाइकी काढोन घेतली नव्हती, म्हणोन पुढील हिवाळ्यात पदाजी पुन्हा खिंडीपाशी उभे राहिले. आता जो येईल त्यास ते मावशीचा पदर सांगत, वाट दाखवीत, आणि आदले दिवशी स्वतः चढोन, खणोन पाहोन, कोठे दाणे आहेत, कोठे वाऱ्याने लादले आहे, हे सर्व सांगत. परंतु लोकांचा विश्वास उडाला होता. माघांत एक टोळी आली, त्यांत बायका होत्या, दोघी बहिणी आणि त्यांचे नवरे. पदाजींनी सांगितले की आज गाढवपाठीस जाऊ नका, झाडीत जा. ते एकमेकांकडे पाहोन हसले. त्यांतील वडील गृहस्थ म्हणाला की, नाईक, आपली कीर्ती ऐकिली आहे. आपण जेथे जाऊ नका म्हणता तेथेच माल असणार. आणि ते गाढवपाठीचे वाटेस लागले.

पदाजींनी हाका मारिल्या, त्या कोणी ऐकिल्या नाहीत. मग ते आडवाटेने, वयास न शोभे ऐसे धावत, त्यांचे आधी उताराचे तोंडी जाऊन पोहोचले आणि अरुंद जागी वाटेवर आडवे पडले. गृहस्थ संतापला, काठीने टोचले, म्हणाला की माणूस आहे की बैल. पदाजी उठले नाहीत. बोलिलेही थोडेच. "माझ्या अंगावरोन जा. दुसरी वाट नाही." बर्फांत पडल्या पडल्या त्यांचे ओठ काळे पडले. धाकटी बहीण रडावयास लागली, आणि म्हणाली की मला नाही जावयाचे, चला येथोन. शेवटी शिव्या देत, दिवस फुकट गेला म्हणत, अवघे माघारे फिरले. पदाजी तेथेच राहिले, सूर्य मावळेपर्यंत, कोणी पुन्हा येईल म्हणोन. त्या दिवशी गाढवपाठीवर काही सुटले नाही. दुसरे दिवशीही नाही. बर्फ उन्हाने हळूहळू बसला आणि वसंतात पाणी होऊन ओढ्यास मिळाला.

टोळीने राजधानीस जाऊन सांगितले की खिंडीचा नाईक वेडा जाहला आहे, धडधाकट उतारावर लोकांस जाऊ देत नाही. आणि त्या बोभाट्यावरोन त्याच साली नाइकी दुसऱ्यास दिली. सटवोजींस हे कळले तेव्हां ते पदाजींचे घरी गेले आणि चुलीपाशी बसले. चिमाबाईंनी भाकरी वाढिली. दोघांनी ती अर्धी अर्धी करोन खाल्ली.

एणेप्रमाणे हे वर्तमान घडले. एक शब्द बोलला त्याने दोघे गेले, ते अवघ्यांस ठाऊक. वाटेवर आडवा पडला त्याने चौघे राहिले की नाही, हे कोणास कधी कळावयाचे नाही. लेखनसीमा.