वसंतरावांचा पिवळा दिवा

"अण्णा, तो पिवळा दिवा अजून लागतोय का?"

मुलाचा, अनिरुद्धचा पुण्याहून फोन आला तेव्हा वसंतराव अणदूरच्या आपल्या घरापुढं गाडीत बसून त्या दिव्याकडेच बघत होते.

"कुठला दिवा?" ते म्हणाले. जन्मभर तहसील कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला प्रश्नाचं उत्तर प्रश्नानं देणं जड जात नाही.

"इंजिनाचं चित्र असलेला. परवा हायवेवर मधेच गाडी मंदावली आणि मागून ट्रक अंगावर आला. आई सगळं सांगते मला."

"ट्रकवाल्यांना सवयच असते तशी."

"मी रविवारी येतोय. दिवा दिसला तर चावी घेऊन जाणार. विकून टाकू गाडी. आणि खरं सांगा अण्णा, या वयात गाडी चालवायची गरज काय? दारावरनं एसटी जाते की."

फोन बंद झाला. दिवा चालूच होता.

तसं वसंतरावांना दिव्यांचं वावडं नव्हतं. नोकरीत असताना साहेबाच्या गाडीच्या टपावरचा दिवा दिसला की ते खुर्चीतून उठून उभे राहत आणि आपल्याही नशिबी कधी दिवा असावा असं त्यांना वाटून जाई. देवानं ऐकलं. फक्त टपावर लावायच्या ऐवजी आत लावला.

पण एसटीचं नाव काढल्यानं ते दुखावले. अणदूरहून लोहाऱ्याच्या कचेरीत ते सगळी नोकरी एसटीनं आणि एसटी चुकली की जीपनं गेले होते. जीपमधे त्यांची जागा ठरलेली असायची, ड्रायव्हर आणि गिअरच्या दांड्याच्या मधोमध. गिअर बदलायचा असला की ड्रायव्हर म्हणायचा, "भाऊसाहेब, गुडघा." भाऊसाहेब गुडघा आवरायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली ती कुठं जायचं म्हणून नव्हे, तर एकदा तरी आपला गुडघा आपल्याला हवा तिथं ठेवता यावा म्हणून. ती चावी अनिरुद्ध नेणार म्हणजे वसंतराव पुन्हा दांड्यापाशी जाणार.

आता हा दिवा लागला कसा, ते सांगायला हवं. गाडी आणली त्या दिवशी वसंतराव ती घेऊन थेट खंडोबाच्या देवळापाशी गेले. गावात ट्रॅक्टर आला तरी लोक त्याच्या बॉनेटवर भंडारा उधळतात. वसंतरावांना ही रीत अपुरी वाटली. बंद बॉनेटवर भंडारा टाकणं म्हणजे साहेब घरात असताना दाराला हार घालून येणं. म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. देवाला गाडी चालू दिसली पाहिजे म्हणून इंजिनही चालू ठेवलं. मग "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत थेट इंजिनावर मूठ सोडली. भंडारा हवेत उडाला आणि त्यातला बराचसा बघता बघता आत ओढला गेला.

"देवानं गोड मानून घेतलं," वसंतराव म्हणाले.

आठवड्याच्या आत दिवा लागला. गाडी चाळिसाच्या पुढं जायला तयार होईना. वसंतराव ती रखडत नळदुर्गला शांतलिंगच्या गॅरेजवर घेऊन गेले.

शांतलिंगचे हात एके काळी मनगटापर्यंत काळे असत. पण त्यानं गाडीतल्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर घेतला, तेव्हापासून तो पांढरा शर्ट घालू लागला होता. बॉनेट उघडणं आता तो अडाणी लोकांचं काम मानत असे. त्यानं स्टेअरिंगखाली वायर जोडली आणि पडद्याकडं बघत मान हलवली.

"भाऊसाहेब, हवा मोजायचा सेन्सर बोंब मारतोय."

"म्हणजे कोण?"

"आसं बघा. गाडीत एक डबा आसतो, कॉम्प्युटर. त्याला सोताला काय दिसत न्हाय. हवा किती आली, इंजिन किती तापलं, ह्याची खबर त्येला सेन्सर देत्यात. खबर येईल त्या मापानं तो पेट्रोल सोडतो."

"म्हणजे कॉम्प्युटर हा तहसीलदार आणि सेन्सर हे तलाठी."

"व्हय, तसंच समजा. तुमचा हवेचा तलाठी म्हणतोय, हवा लई कमी आली. म्हणून वरनं पेट्रोल कमी सुटतंय."

"आणि प्रत्यक्षात हवा भरपूर?"

"भरपूर."

वसंतरावांना इंजिन इतकं चांगलं कुणीच समजावून दिलं नव्हतं. कागदावर एक आणि रानात दुसरंच, याचा त्यांना दांडगा अनुभव होता. "मग तलाठ्याची बदली करून टाक," ते म्हणाले.

"बदली कशाला? नुसता शेरा पुसू." शांतलिंगनं पडद्यावर बोट टेकवलं. दिवा विझला.

शेरा पुसला की प्रकरण मिटतं, हेही वसंतरावांना अनुभवानं पटलेलं होतं. ते खुशीत परत आले आणि घरी जायच्या आधी खंडोबाकडं वळले. देवानं दिवा विझवला होता, आभार मानायला नकोत? बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवलं. या वेळी दोन मुठी.

दिवा परत लागला. शांतलिंगनं परत शेरा पुसला. वसंतरावांनी परत आभार मानले, आणि मागच्या वेळी आपलीच कृतज्ञता कमी पडली असणार असं समजून जरा जास्त मानले. दिवा विझला की भंडारा आणि भंडारा झाला की दिवा, असं महिनाभर चाललं. पुड्या पुरेनात तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद घेतली. देव ओळखीचा होता, तो चालवून घेईल.

अशा वेळी तो फोन आला होता.

शनिवारपर्यंत दिवा जाईना. शांतलिंग कुणाच्या तरी लग्नाला गेलेला. तेव्हा वसंतरावांनी बायकोच्या, शामलाबाईंच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मोठी लाल टिकली काढून दिव्यावर चिकटवली. बरोबर बसली. दिसायलाही वाईट दिसत नव्हती.

संध्याकाळी शामलाबाईंना नळदुर्गच्या बाजारात जायचं होतं. उद्या मुलगा येणार म्हणून पुरणाची डाळ आणि संपलेली हळद आणायची होती. त्या गाडीत बसल्या आणि समोर बघून म्हणाल्या, "ही माझी टिकली आहे."

"गाडीला शोभते म्हणून लावली."

"गाडी सवाष्ण कधी झाली?"

वसंतराव गाडी चालवण्यात गढून गेले. गाडी चाळिसानं चालली होती आणि उसाचे ट्रॅक्टर तिला मागं टाकून जात होते. शामलाबाईंनी दोनदा हुंगून पाहिलं.

"अहो, हळद करपल्याचा वास येतोय."

"कुणाच्या तरी घरी फोडणी दिली असेल."

"इथं घर कुठाय? दोन्ही बाजूला ऊस आहे." त्या नवऱ्याकडं वळल्या. "आणि माझा हळदीचा डबा एका महिन्यात तळाला गेला. गाडी थांबवा."

"मागून ट्रक..."

"थांबवा म्हणते ना."

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं. आत इंजिन, बॅटरी, वायरी, सगळं पिवळंधमक होतं. शामलाबाईंनी बॅटरीवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "नवरा मुलगा कोण आहे यातला?"

वसंतरावांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा शंका येऊ लागली.

"म्हणजे तुम्ही तिला रोज तिखटमीठ लावून खाऊ घालताय आणि वर विचारताय पोट का बिघडलं."

नळदुर्गला गॅरेजवर शांतलिंग नुकताच लग्नाहून आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट होता. सवयीनं तो स्कॅनर आणायला वळला, पण शामलाबाईंनी त्याला हाक मारली. "यंत्र राहू दे भाऊ. झाकण उघड."

"वहिनी, आता कुणी झाकण उघडत न्हाय."

"तेच तर झालंय."

शांतलिंगनं बाह्या वर केल्या. हवा गाळायच्या डब्याच्या झाकणाची एक क्लिप आधीच्या मालकानं तारेनं बांधलेली होती, आणि त्या फटीतून वाट काढून भंडारा थेट सेन्सरपर्यंत पोचला होता. झाकण उघडताच पिवळा लोट उठला. शांतलिंगचा शर्ट, मिशी आणि विद्या, तिन्ही एका दमात पिवळी झाली.

"भाऊसाहेब," शिंका आवरत तो म्हणाला, "तलाठी खोटं बोलत नव्हता. त्येच्या डोळ्यात हळद गेल्ती."

त्यानं नवा फिल्टर टाकला, क्लिप बदलली, सेन्सर फवाऱ्यानं धुतला. मग शेरा पुसला. परतताना गाडीनं तेच उसाचे ट्रॅक्टर एकेक करून मागं टाकले. शामलाबाई खुश होत्या, पण त्यांनी अर्ध्या वाटेत शपथ घ्यायला लावली.

"या गाडीच्या इंजिनात पुन्हा भंडारा टाकणार नाही म्हणा."

"या गाडीच्या इंजिनात पुन्हा भंडारा टाकणार नाही," वसंतराव अक्षर न अक्षर म्हणाले. मनात मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली होती, ती खंडोबाला. उद्या चावी हातात राहिली तर पाच मुठी भंडारा.

रविवारी अनिरुद्ध आपली नवी, उंच, काळी गाडी घेऊन आला. दाराशी चप्पल काढायच्या आधी त्यानं हात पुढं केला. "अण्णा, चावी."

तो पांढऱ्या गाडीत बसला. चावी अर्धी फिरवताच समोरचे सगळे दिवे लागले, त्यात तोही. अनिरुद्धनं वडिलांकडं पाहिलं. वसंतरावांनी देवळाच्या दिशेला पाहिलं. इंजिन सुरू झालं आणि सगळे दिवे विझले. तोही.

अनिरुद्धनं हायवेपर्यंत चक्कर मारली. गाडी चांगली ऐंशीनं पळाली. परत येऊन त्यानं नाइलाजानं चावी वडिलांच्या हातावर ठेवली. "ठीक आहे सध्या. पण माझं मत तेच आहे. या वयात कशाला?"

जेवणं झाली. पुरणपोळीनं डोळे जड झालेला अनिरुद्ध आडवा होताना म्हणाला, "अण्णा, माझी गाडी उन्हात आहे. तेवढी सावलीत लावता का?" आणि त्यानं आपली चावी दिली.

वसंतराव गाडी सावलीत लावायला गेले. सावली घरामागंच होती, पण त्यांना यायला अर्धा तास लागला. आले तेव्हा हात धुतलेले होते आणि चेहरा ऋण फिटल्यासारखा दिसत होता.

चार वाजता अनिरुद्ध पुण्याला निघाला. पंधरा-वीस मिनिटांत त्याचा फोन आला. शामलाबाईंनी घेतला. ऐकता ऐकता त्यांची नजर नवऱ्यावर जाऊन थांबली.

"नळदुर्गच्या अलीकडं गाडी बंद पडायला आलीय. पडद्यावर इंजिन तपासा म्हणतेय. पिवळा दिवा लागलाय."

"गाड्यांचं काही सांगता येत नाही," वसंतराव म्हणाले.

"तुम्ही शपथ घेतली होती."

"आपल्या गाडीची. शब्द आठव. त्याच्या गाडीचा विषयच निघाला नव्हता. आणि चावीसाठी देवाला बोललेला नवस फेडायचा नाही का?"

"इंजिन चालू ठेवून?"

"त्याला बटण आहे गं. दाबल्यावर बंद कसं करायचं ते मला लवकर सापडलं नाही."

जुन्या गाडीनं जे महिनाभर पचवलं होतं, ते नव्या गाडीला एक दुपारभरही सोसलं नव्हतं. तिच्यात तलाठीच फार.

दोघं पांढऱ्या गाडीनं गेले. अनिरुद्ध रस्त्याच्या कडेला लॅपटॉपची बॅग घेऊन उभा होता. सकाळी त्याला ऑफिस होतं. मदतीला बोलावलेल्या शांतलिंगनं या वेळी स्कॅनर आणलाच नव्हता. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, मग वसंतरावांकडं पाहिलं, आणि बॉनेट हळूच मिटलं.

"काय झालंय?" अनिरुद्धनं विचारलं.

"घरातलंच दुखणं हाय," शांतलिंग म्हणाला. "दोन दिवस लागतील. झाकण उघडावं लागणार."

"मग मी जाऊ कसा?"

"सोलापूरहून पुण्याला भरपूर एसट्या आहेत," वसंतराव म्हणाले. "मी सोडतो स्टँडवर. आणि अनू, खरं सांग, या वयात एवढ्या लांब गाडी चालवायची गरज काय? चावी ठेव माझ्याकडं. दुरुस्त झाली की बघू."

चावी न्यायला आलेल्या मुलानं स्वतःची चावी काढून वडिलांच्या हातावर ठेवली. शामलाबाई मागं बसल्या. वसंतरावांच्या खिशातली उरलेली भंडाऱ्याची पुडी त्यांनी आधीच काढून घेतली होती आणि आता ती मुठीत गच्च धरली होती. उंच अनिरुद्ध मांडीवर बॅग घेऊन पुढच्या सीटवर कसाबसा मावला. समोर टिकली काढल्याचा लहानसा गोल डाग होता. त्यानं तो नखानं खरवडून पाहिला.

गाडी हायवेला लागली. वसंतरावांनी दांड्यावर हात ठेवला आणि समोर बघत शांतपणे म्हणाले,

"अनू, गुडघा."

अनिरुद्धनं गुडघा आवरला.